मोकळ्या वाटेचे तारे

विभागात तिला सगळे निवडबाई म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. पगारपत्रकात तिच्यापुढे ‘सहायक, प्रतिमा’ असा हुद्दा छापलेला असे, पण तो छापणाऱ्या यंत्राशिवाय कुणी वाचला नसावा. एकोणतिसाव्या वर्षी ती इथं लागली ती विभागप्रमुख सरांचे लेख टाइप करायला. टाइप करता करता सर काय म्हणताहेत ते तिला कळू लागलं, पुढं ते कुठं घाई करताहेत तेही कळू लागलं, आणि दोन-तीनदा तिनं भीत भीत विचारल्यावर सरांनी तिला तिथून उठवून तळमजल्यावरच्या खोलीत नेऊन बसवलं. शिक्षण म्हणाल तर शाळेपुरतं. बाकीचं सगळं ग्रंथालयातली पुस्तकं घरी नेऊन, भाजी चिरता चिरता वाचलेलं. काही पानांना अजून कोथिंबीर चिकटलेली असेल.

खोली म्हणजे आधीची अडगळीची जागा. लांबट, थंड, एकच खिडकी, आणि तीही सायकली लावायच्या जागेकडे उघडणारी. दिवसभरात तिला माणसं दिसायची ती गुडघ्यापर्यंत. बुटांवरून ती ओळखायची कोण आलं, कोण लवकर सटकलं.

तिचं काम सांगायला सोपं होतं, करायला किचकट. लांबच्या एका डोंगरावर, जो तिनं जन्मात पाहिला नव्हता, एक मोठी दुर्बीण आकाशाचे फोटो काढायची. त्या फोटोंत कधीमधी अब्जावधी वर्षांपूर्वी फुटलेला एखादा तारा ठिपक्यासारखा सापडायचा. या जातीचे तारे फुटतात तेव्हा जवळपास सारख्याच उजेडानं फुटतात. एकाच वॉटचे दिवे समजा. मंद दिसला की लांबचा, ठळक दिसला की जवळचा. असे हजारभर दिवे मोजले की विश्व कसकसं पसरत आलंय त्याचा आकडा निघतो. सरांचं अख्खं आयुष्य त्या एका आकड्यापायी गेलं होतं. तिकडं समुद्रापलीकडच्या काही मंडळींनी वेगळा आकडा काढला होता, आणि दोघांचं वीस वर्षं पटत नव्हतं.

आता ठिपक्याला खेटून दुसरी एखादी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा मेळा, आली, की तिचा उजेड त्यात मिसळतो आणि मोजमाप बिघडतं. असे ठिपके बाजूला काढायचे. त्यासाठी सरांनी तिला एक पारदर्शक प्लास्टिकचा कागद दिला होता. त्यावर शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ. पडद्यावर फोटो आला की वर्तुळाचा मध्य ठिपक्यावर ठेवायचा. वर्तुळात दुसरं काही दिसलं की तक्त्यात त्या ताऱ्यापुढं ‘ख’ लिहायचा. ख म्हणजे खराब. ढग आला तरी ख, उपग्रहाची रेघ आली तरी ख, कॅमेऱ्याचा डाग आला तरी ख. कारण लिहायला रकाना नव्हता आणि कारण कुणी कधी विचारलं नाही.

एकोणीस वर्षं ती हे करत होती. सर बाहेरगावच्या सभांमध्ये सांगायचे म्हणे, “आमची निवड जगात सगळ्यात स्वच्छ आहे.” हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं होतं. पण कळलं त्या दिवशी ती घरी जाताना दोन बसथांबे पायी चालली होती, उगीचच.

तिच्या शेजारणीची समजूत अशी की ही हवामानखात्यात आहे. ती रोज जिन्यात विचारायची, “कपडे घालू का हो बाहेर वाळत?” पहिली दोन वर्षं निवडबाईंनी खरं काय ते समजावून पाहिलं. मग त्या नुसत्याच “घाला” म्हणू लागल्या. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

तर त्या आठवड्यातली गोष्ट. शुक्रवारी सरांचा शेवटचा मोठा लेख जायचा होता. त्यानंतर तीन आठवड्यांनी सर निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या भाषणात तो आकडा जाहीर करणार होते. सभागृह ठरलं होतं, पाहुण्यांना पत्रं गेली होती. सरांनी नवा कोट शिवायला टाकलाय अशीही बातमी होती.

सोमवारी चहाच्या वेळी ती वर गेली. रोज जायची नाही. तिची वरची ओळख म्हणजे एकटा दशांश. विभागाची सगळी आकडेमोड करणारा, पंचेचाळिशीचा, कायम स्वेटर उलटा घातल्यासारखा दिसणारा माणूस. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यावरून तो एकदा तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता, तेव्हापासून हे नाव पडलं. त्या दिवशी तो कपाकडे बघत बसला होता. चहा निवून त्यावर साय धरली होती.

“काय झालं?” तिनं विचारलं.

“आपले तारे मंद आहेत,” तो म्हणाला. “लांबचे. शंभरात दोनानं. सर म्हणतात, आपले बरोबर आणि त्यांचे चूक. असेल. पण मला रात्रीची झोप नाही.”

मग त्यानं तिला समजावलं. त्याला समजावायला आवडायचं आणि तिला ऐकायला, एवढ्याच पायावर ती मैत्री उभी होती. तो म्हणाला, आम्ही हिशेब करतो तेव्हा विश्वातला सगळा माल सारखा पसरलाय असं धरतो. जसं काही कणकेत मीठ नीट मळलंय. प्रत्यक्षात तसं नाही. दीर्घिकांचे पुंजके आहेत, लांब लांब धागे आहेत, आणि मध्ये भल्यामोठ्या रिकाम्या पोकळ्या. एक घास खारट, तर पुढचे चार अळणी. लांबच्या ताऱ्याचा प्रकाश पुंजक्याजवळून आला, तर त्या पुंजक्याच्या ओढीनं तो जरासा गोळा होतो, भिंगातून आल्यासारखा, आणि तारा असतो त्याहून ठळक दिसतो. आणि रिकाम्या जागेतून आला, तर त्याला गोळा करणारं वाटेत कुणी भेटत नाही. तो पसरतच येतो. तारा असतो त्याहून मंद दिसतो.

“मग मंद ते लांबचे असं वाटतं,” ती म्हणाली.

“आणि आकडा चुकतो. पण सगळे धरले की खारट-अळणी मिळून सरासरी बरोबर येते. आपल्याकडं तसं बिघडायला आपण मुद्दाम मोकळ्या वाटेनं आलेलेच तारे निवडायला हवेत. आपण तर बटणाएवढ्या वर्तुळातलं तेवढं टाकतो. एवढ्यानं काही होत नाही. मी मोजून पाहिलं.”

तिनं कप खाली ठेवला.  “जाते,” म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून जिना उतरली.

कारण वर्तुळ बटणाएवढं नव्हतं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. तिनं पास केलेला एक तारा सरांनी बाहेरच्या सभेत पडद्यावर दाखवला आणि कुणीतरी उठून म्हणालं, त्याच्या कडेला हे काय चिकटलंय? सर परत आले ते तडक तळमजल्यावर. मागे चारपाच जण होते. सर म्हणाले, “तुला डोळे कशाला दिलेत?” एवढंच म्हणाले आणि गेले. त्या आठवड्यात जुना प्लास्टिकचा कागद तिच्या हातून चिरला, किंवा तिनं चिरू दिला, देव जाणे. नवा करताना तिनं बटण घेतलं नाही. टेबलावर डिंकाची बाटली होती, तिचं झाकण ठेवून भोवती पेन फिरवलं. झाकण बटणाच्या तिप्पट. म्हणजे ताऱ्याच्या आसपास कुणी नुसतं फिरकलं तरी तारा बाद. पुन्हा कुणी बोट दाखवायला नको.

आणि खरंच, सोळा वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही.

खाली येऊन तिनं दार लावून घेतलं आणि तक्त्यातले सगळे ख उघडायला सुरुवात केली. सोमवारची दुपार गेली, मंगळवारचा अख्खा दिवस गेला. डबा तसाच राहिला. ढगवाले, रेघवाले, डागवाले बाजूला केले. नुसत्या शेजारापायी टाकलेले उरले सहाशे बारा. त्यांच्यावर तिनं खरं बटण धरलं, आपल्याच कोटाच्या बाहीवरचं, शर्टाच्या मापाचं तोडून. बटणाच्या आत शेजार असलेले निघाले एकशे चाळीस. बाकीचे चारशे बहात्तर तारे धडधाकट होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते गर्दीतून आले होते.

बोंब अशी की हे कुणालाच कळणार नव्हतं. लेखात छापलं होतं ‘बटण’, म्हणजे त्याचं जे काय शास्त्रीय माप असेल ते. तक्त्यात होता ख. झाकणाची बाटली केव्हाच संपली होती. ती बोलली नाही तर शुक्रवारी लेख जाईल, सर नवा कोट घालून आकडा सांगतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि आकडा चुकीचा असेल. बोलली, तर लेख अडेल. पुन्हा मोजायला वर्ष जाईल. सरांकडं तीन आठवडे होते.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या गावी, भरल्या घरात. त्यांचा फोन रविवारी अकराला ठरलेला. मंगळवारी कधीच नाही.

“कोण गेलं?” ताईनं उचलताच विचारलं.

“कुणी नाही गेलं.”

“मग दवाखाना?”

“ताई, माझ्या हातून एक चूक झालीय. सोळा वर्षं होतेय.”

 ताईनं भांडी घासणाऱ्या कुणालातरी नळ बंद करायला सांगितलं, आणि दबक्या, जवळजवळ खूश आवाजात विचारलं, “कोण आहे तो?”

तसलं काही नाही हे ताईला पटायला पाच मिनिटं गेली, आणि पटल्यावर ती जरा हिरमुसलीच. तारे, वर्तुळ, अळणी कणीक यातलं ताईनं आपल्याला लागेल तेवढं घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं. तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही ना? मग गप बस. म्हातारा माणूस सुखानं घरी जाऊ दे. दोन टक्क्यांनी कुणाचं काय अडलंय, इथं वीजबिल दहा टक्क्यांनी चुकतं आणि आपण भरतो. मग तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, तू पहिल्यापासून अशीच आहेस, त्या ग्रंथपालाला नाही म्हणालीस ते का, तर त्याच्या घरात माणसं फार. आई, वडील, भाऊ, भावाची दोन पोरं. तुला एकटाच हवा होता, धुऊन पुसून.

“झालं तुझं?” निवडबाई म्हणाल्या.

“झालं. जेवलीस का?”

ती जेवली नव्हती. फोन ठेवल्यावर तिनं स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि ओट्याशी उभी राहिली. दशांशनं कधीतरी सांगितलेलं तिला आठवत होतं. काही जणांचं म्हणणं, आपण स्वतःच एका पोकळीत राहतो. पोकळीतल्या माणसाला आजूबाजूचे सगळे जरा जास्तच भराभर लांब जाताना दिसतात, कारण कडेची गर्दी त्यांना तिकडं ओढत असते. त्यानं आपलं तिथून मोजलं आणि सगळीकडं असंच आहे असं धरलं, की त्याचा हिशेब चुकला. तेव्हा ती हसून म्हणाली होती, मग त्या माणसानं करायचं काय? दशांश म्हणाला होता, करायचं काही नाही. फक्त आपण पोकळीत आहोत हे ध्यानात ठेवून उत्तरात तेवढं वजा करायचं.

तिनं मनातल्या मनात वजा करून पाहिलं. ग्रंथपाल लग्न करून दुसरीकडं गेला. ताईची मुलं आधी सुट्टीत यायची, मग मोठी झाली. खालच्या मजल्यावरची म्हातारी मुलाकडं गेली. यातलं किती खरंच गेलं आणि किती तिलाच तसं दिसलं? तिला काढता येईना. तिनं दूध तापवून घेतलं आणि झोपली.

बुधवारी सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सरांची खोली आवरायला काढली होती. पुस्तकं खोक्यांत, भिंतीवर चौकटी काढल्याचे फिकट चौकोन. सर कागद फाडत होते आणि फाडताना वाचत होते, त्यामुळे काम पुढं सरकत नव्हतं. तिला बघून म्हणाले, “बस गं. हे बघ, हा तू टाइप केलेला पहिला लेख. एका पानात अकरा चुका.”

“नऊ,” ती म्हणाली. “दोन तुमच्या होत्या.”

सर हसले. आता सांगितलं नाही तर होणार नाही, हे तिला कळलं, आणि तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. झाकण, सोळा वर्षं, चारशे बहात्तर. बोलताना ती एका फिकट चौकोनाकडं बघत होती. संपल्यावर खाली बघितलं तर सरांच्या हातातला कागद अर्धा फाटून तसाच राहिला होता.

 सरांनी विचारलं, “झाकण का घेतलंस?”

तिनं तो प्रसंग सांगितला. सरांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, तिला दिसत होतं.

“मी? असं म्हणालो?”

“हो सर.”

“सगळ्यांसमोर?”

“पाच जण होते.”

सरांना आठवत नव्हतं. ज्या एका वाक्यावर तिनं सोळा वर्षं काढली, ते वाक्य सर त्याच संध्याकाळी विसरले असणार. तिला राग यायला हवा होता. आला नाही. ती एका खोक्यावर बसली.

“विभागात हे आणखी कुणाला माहीत आहे का?”

“नाही.”

“दशांशला?”

“नाही.”

“मग मला का सांगितलंस?” सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “दोन दिवस थांबली असतीस तर लेख गेला असता. मी काय, गेलोच असतो.”

तिनं येताना बरंच काही जुळवून आणलं होतं. शास्त्र म्हणजे काय, खरं म्हणजे काय. ते सगळं बाजूला राहिलं.

“तुमच्याशिवाय कोण आहे मला, हे सांगायला?” ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडं पाहिलं. मग अर्धा कागद पूर्ण फाडून टोपलीत टाकला आणि जा म्हणाले. रागानं नाही, दमून.

गुरुवार तसाच गेला. खिडकीतून सरांचे तपकिरी बूट सकाळी आत आले, संध्याकाळी बाहेर गेले. खाली कुणी आलं नाही. तिनं मनाशी धरून टाकलं की लेख जाणार. ताई म्हणते तसं. आपण आपलं काम केलं, चेंडू त्यांच्या कोर्टात, असं ती स्वतःला बजावत राहिली, आणि नवीन आलेले फोटो उघडून तसेच मिटत राहिली. एकही तारा निवडणं तिला जमेना. वर्तुळ कुठलं धरायचं?

शुक्रवारी अकराला सगळ्यांना वर बोलावलं. लेख पाठवायच्या आधी फोटो काढायचा होता, म्हणून दोघे-तिघे बरे कपडे घालून आले होते. सर उभे राहिले आणि म्हणाले की लेख जाणार नाही. निवडीत दोष निघालाय. आपण अजाणता मोकळ्या वाटेचे तारे ठेवले आणि गर्दीच्या वाटेचे टाकले, त्यामुळं आपले मंद आले. टाकलेले परत मोजावे लागतील. दशांशनं आपल्या वहीवर मूठ आपटली, आनंदानं, आणि मग भोवती बघून ती मूठ टेबलाखाली नेली.

कुणीतरी विचारलं, दोष कुणाचा. निवडबाईंनी उठायला म्हणून टेबलावर हात टेकले.

“माझा,” सर म्हणाले. “एकोणीस वर्षांत निवड कशी होते ते मी एकदाही शेजारी बसून पाहिलं नाही. तुमच्यापैकी कुणी पाहिलंय?”

कुणी पाहिलं नव्हतं. सगळे आपापल्या वह्यांत बघू लागले. फोटो निघाला नाही.

तिला वाटलं होतं, आता लोक बोलतील. टोमणे मारतील, निदान एखादा तरी भांडेल. तशी तयारी करून ती सोमवारी आली. पण झालं असं की सगळे तिच्याशी फार चांगलं वागायला लागले. जिन्यात बाजूला होऊन वाट द्यायला लागले. जे तिला “काय निवडबाई, आज किती खडे निघाले?” म्हणायचे ते आता “नमस्कार” म्हणायचे. नाव बोलण्यातून गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही. एकोणीस वर्षं जे नाव तिनं सहन केलं, त्याची तिला इतकी सवय झाली असेल हे तिला माहीत नव्हतं.

सरांचा निरोपसमारंभ लहानशा खोलीत झाला. पाहुण्यांची पत्रं रद्द झाली होती. सर जुन्याच कोटात आले आणि आपण दुर्बीण पहिल्यांदा पाहिली तेव्हा डोंगर चढताना बूट कसा फाटला, ते सांगितलं. लोक हसले. आकड्याचा विषय कुणी काढला नाही, म्हणजे सगळ्यांच्या मनात तोच होता. निघताना सर तिच्यासमोर थांबले. काहीतरी म्हणणार होते. मग मागून कुणीतरी हारतुऱ्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि ते राहून गेलं.

चारशे बहात्तर तारे मोजायला तेरा महिने लागले. ठिपक्याला शेजार असला की शेजाऱ्याचा उजेड आधी वेगळा मोजून काढून टाकावा लागतो, आणि शेजारी काही सरळ नसतात. कुणी तिरका, कुणी धुरकट, कुणाच्या मागं आणखी तिसराच. पूर्वी जो तारा तिनं चार सेकंदांत बाद केला होता त्याच्यापायी आता कधी दोन दिवस जायचे. दशांश आठवड्यातून दोनदा खाली यायचा, कारण आता निवडीला दुसरी सही लागत असे. तो सही करायचा, दोन वाक्यं बोलायचा आणि वर जायचा. त्याला पूर्वीसारखं समजावावंसं वाटत नसावं. जिची चूक निघाली तिला काय समजावणार, असंही असेल, किंवा त्याच्या घरी काही असेल. तिनं विचारलं नाही.

शेवटचा तारा झाला त्या दिवशी गुरुवार होता, दुपारचे तीन. दशांशनं वर आकडेमोड फिरवली आणि निकालाचा कागद घेऊन स्वतः खाली आला. मंदपणा गेला होता. आकडा सरकला होता. समुद्रापलीकडच्या मंडळींचा होता तिथवर नाही, पण त्यांच्या बाजूला, मध्याच्याही थोडा पुढं. दशांश म्हणाला, सरांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर मी चौथ्या आकड्यावर घसरेन.

सरांचा नंबर तिला पाठ होता. एवढ्या वर्षांत लावला कधी नव्हता. लावला तर बराच वेळ वाजत राहिला. सरांची बायको वर्षातले आठ महिने मुलीकडं असायची, घर मोठं, हे तिला ऐकून माहीत होतं.

“कोण?” सर म्हणाले.

तिनं सांगितलं. आपण कोण ते, आणि मग आकडा.

 “पुन्हा सांग,” सर म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितला.

“आणि त्यातली अनिश्चितता?”

“आधीपेक्षा जास्त, सर. शेजारवाले तारे वर-खाली फार होतात. आधी आपली किती कमी होती.”

“कमी होती, कारण नको ते सगळं आपण काढून टाकलं होतं,” सर म्हणाले, आणि खोकले, किंवा हसले. फोनवर कळत नव्हतं. “म्हणजे ते म्हणत होते ते निम्म्याहून अधिक बरोबर.”

“हो.”

“वीस वर्षं भांडलो त्यांच्याशी.”

 विचारावं का, असं तिच्या मनात आलं. सर, तुम्ही त्या दिवशी जाताना काय म्हणणार होतात. पण ते त्यांना आठवत नसेल, आणि नसलं तर तिला ते आणखी एकदा ऐकायचं नव्हतं.

“थांब,” सर म्हणाले. “लिहून घेतो. पेन बघतो. ठेवू नकोस.”

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. सपाता घासत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. एक खण उघडला, बंद झाला. दुसरा अडकला, सरांनी तो ओढला असावा. पावलं आणखी आत गेली, बारीक होत होत, आणि मग ऐकू येईनाशी झाली. लांब कुठंतरी घड्याळ चाललं होतं, तेवढं येत होतं.

दशांश दारात उभा होता. त्यानं खुणेनं विचारलं, काय झालं. तिनं बोट ओठांवर ठेवलं, कागद समोर सरळ केला, आकड्यावर अंगठा ठेवला आणि फोन कानाशी धरून बसून राहिली.